एका रुपयाचा फरक: कांद्याच्या हिशोबपट्टीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकमधली पाच प्रोग्रामरची एक छोटी कंपनी कांदा व्यापाऱ्यांसाठी हिशोबाचे सॉफ्टवेअर बनवते. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंत आणि चांदवड इथल्या काही व्यापारी पेढ्या ते रोज वापरतात. कंपनी, पेढ्या आणि माणसे यांची ओळख इथे दिलेली नाही. कपातीचे दर उदाहरणापुरते घेतले आहेत, पण फरक ज्या गणितामुळे पडला ते गणित जसेच्या तसे आहे.

लिलावात ट्रॅक्टर-ट्रॉलीला किंवा पिकअपला क्विंटलमागे भाव ठरतो आणि तो सौदा पावतीवर लिहिला जातो. गाडी भरलेली असताना भुईकाट्यावर जाते, व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी होते, पुन्हा काट्यावर येते. दोन वजनांतला फरक म्हणजे निव्वळ वजन. वजन गुणिले भाव, त्यातून हमाली, तोलाई अशा ज्या कपाती त्या बाजारात त्या वेळी लागू असतील त्या वजा, आणि उरते ती शेतकऱ्याला देय रक्कम. हे सगळे ज्या कागदावर येते ती हिशोबपट्टी. वाद झाला तर शेतकऱ्याच्या हातात तेवढाच पुरावा असतो.

सॉफ्टवेअरचे चार भाग आहेत. पहिला, खळ्यावरच्या मुनिमाच्या फोनमधले ॲप, जावास्क्रिप्टमध्ये रिॲक्ट नेटिव्हवर लिहिलेले. मुनीम भाव आणि दोन वजने भरतो आणि ५८ मिलिमीटरच्या थर्मल प्रिंटरवर पट्टी जागच्या जागी छापून देतो. खळ्यांवर नेटवर्कचा भरवसा नसतो, म्हणून ॲप हिशोब स्वतः करते आणि नेट मिळाले की नोंद सर्व्हरकडे पाठवते. दुसरा भाग सर्व्हर, पायथन भाषेत जँगो या चौकटीवर लिहिलेला. तो आलेल्या वजन-भावावरून हिशोब पुन्हा करतो, रक्कम साठवतो आणि बँकेला द्यायची पेमेंट फाइल बनवतो. तिसरा भाग म्हणजे पोस्टग्रेस या डेटाबेसमधून एसक्यूएल या प्रश्नभाषेने निघणारी खरेदी नोंदवही. चौथा, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची एक्सएमएल फाइल.

एकच गुणाकार चार ठिकाणी होत होता. कोणी ठरवून तसे केलेले नव्हते. ॲप आधी आले, सर्व्हरने ॲपवर विश्वास ठेवू नये म्हणून तिथे हिशोब पुन्हा लिहिला गेला, अहवाल घाईत हवा होता म्हणून एसक्यूएलमध्येच गुणाकार केला गेला. प्रत्येक वेळचे कारण पटण्यासारखेच होते.

अडचण

पहिली तक्रार एका शेतकऱ्याकडून पेढीवर आणि पेढीकडून कंपनीकडे आली. पट्टीवर ३९,२८४ रुपये छापलेले, खात्यात जमा ३९,२८३. सपोर्टने ‘राउंडिंगचा फरक आहे’, म्हणजे रक्कम पूर्ण रुपयात आणताना पडलेला, असे कळवून तक्रारीचे तिकीट बंद केले. उत्तर चुकीचे नव्हते. पण फरक का पडतो आणि नेमका कुठे पडतो, हे कोणी विचारलेच नाही.

रुपया किरकोळ आहे, असे शहरात बसून वाटते. खळ्यावर उभ्या असलेल्या माणसाला ते तसे दिसत नाही. छापील आकडा एक आणि खात्यातला दुसरा, असे एकदा झाले की पुढच्या वेळी तो वजनाकडेही संशयाने पाहतो. काटा मारल्याचा आरोप जिथे रोजचा आहे, तिथे पट्टीवरचा प्रत्येक आकडा बिनचूक असणे हीच सॉफ्टवेअरची खरी किंमत आहे.

दुसरे लक्षण टॅलीत होते आणि ते पहिल्याच्या कितीतरी आधीपासूनचे होते. एक्सएमएल चढवताना काही व्हाउचर नाकारली जात, कारण नावे आणि जमा यांची बेरीज जुळत नसे. टॅली अशा व्हाउचरला आत घेत नाही आणि ते योग्यच आहे. पेढ्यांच्या मुनिमांनी यावर तोडगा काढला होता: ‘राउंड ऑफ’ खात्यात एक रुपया टाकायचा आणि पुढे जायचे. महिना अखेरीला ताळा बसत होता, म्हणून कोणी तक्रार केली नाही. त्या खात्याचा उतारा काढून पाहिला तेव्हा मात्र एक गोष्ट लगेच दिसली. रुपया-रुपयाच्या नोंदी जवळपास सगळ्या एकाच बाजूच्या होत्या. राउंडिंगचे निव्वळ फरक दोन्ही बाजूंना पडायला हवेत. एकाच बाजूला पडत असतील तर दोन ठिकाणी दोन वेगळे नियम चालू आहेत, असेच समजायला हवे.

कारणाचा शोध

सगळ्यांचा पहिला संशय फ्लोटवर, म्हणजे संगणक अपूर्णांक बायनरीत साठवतो त्या प्रकारावर, गेला. दशांश अपूर्णांक बायनरीत नेमके मावत नाहीत, ०.१ अधिक ०.२ केले की ०.३०००००००००००००००४ येते, हे प्रत्येक प्रोग्रामरने कधीतरी पाहिलेले असते. म्हणून पहिली दुरुस्ती ठरली ती अशी: सर्व्हरवर फ्लोट काढून डेसिमल, म्हणजे दशांश नेमके साठवणारा प्रकार, वापरा. ते काम दोन दिवसांत झाले, चाचणी सर्व्हरवर चढले, आणि तक्रारीतल्या पट्टीचा आकडा तसाच राहिला.

इथे थांबून एकाच पट्टीचे गणित हाताने केले गेले. हे पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते.

निव्वळ वजन २,१५५ किलो, म्हणजे २१.५५ क्विंटल. भाव १,८३० रुपये. गुणाकार ३९,४३६.५० रुपये, नेमके पन्नास पैसे. या आकड्यांच्या आवाक्यात फ्लोटचा गुणाकारसुद्धा बरोबर ३९४३६.५ वरच येतो, म्हणजे फ्लोटचा इथे काही दोष नव्हता. प्रश्न एवढाच होता की पन्नास पैशांचे काय करायचे. जावास्क्रिप्टचे मॅथ-राउंड अर्ध्याला वर नेते: ३९,४३७. पायथन ३ चे राउंड अर्ध्याला जवळच्या सम संख्येवर नेते: ३९,४३६. डेसिमल वापरल्याने फरक पडला नाही, कारण पायथनच्या डेसिमलचा मूळ नियमही समसंख्येचाच आहे. ‘राउंड हाफ अप’ हवे असेल तर ते स्पष्ट सांगावे लागते.

पोस्टग्रेसमध्ये तर एकाच डेटाबेसमध्ये दोन नियम निघाले. न्यूमेरिक, म्हणजे नेमक्या दशांशाच्या, प्रकारच्या स्तंभावर राउंड केले तर अर्धा शून्यापासून दूर, म्हणजे धन रकमेला वर जातो. डबल प्रिसिजनवर, म्हणजे तिथल्या फ्लोटवर, तो बहुतेक मशीनवर सम संख्येकडे जातो. जुन्या तक्त्यात डबल प्रिसिजन होते, नंतर बनवलेल्या तक्त्यात न्यूमेरिक. म्हणून एकाच महिन्याच्या दोन अहवालांच्या बेरजा जुळत नव्हत्या.

मग पुढचा प्रश्न: नेमके पन्नास पैसे इतक्या वेळा येतातच कसे? पाठ्यपुस्तकात अशी बरोबरी विरळा मानतात. कांद्याच्या बाजारात तसे नाही. या पेढ्यांच्या भुईकाट्यांवरचे वजन पाच किलोच्या टप्प्याने येते आणि बोली बहुतेक दहाच्या पटीत असते, मधूनच १,८५१ अशी एखादी. पाच किलो म्हणजे ०.०५ क्विंटल, त्याला दहाने गुणले की पन्नास पैसे. वजन पाचच्या विषम पटीत आणि भाव दहाच्या विषम पटीत असला की रक्कम हमखास .५० वर संपते. दर नेहमी दहाच्या पटीत असते तर साधारण चारातली एक पट्टी या कड्यावर आली असती, आणि त्यांतल्या अर्ध्या पट्ट्यांत दोन नियमांची उत्तरे एका रुपयाने वेगळी निघाली असती. काट्याचा टप्पा आणि बोलीची सवय या दोन गोष्टी कोडमध्ये कुठेच लिहिलेल्या नव्हत्या, पण दोष त्यांच्यामुळेच उघडा पडत होता.

हे आधी होत नव्हते, मग सुरू केव्हा झाले? त्यासाठी गिट बायसेक्ट वापरले. ते कोडच्या नोंदवलेल्या बदलांत, म्हणजे कमिटांत, अर्धे-अर्धे करत दोष आणणारा बदल शोधते. छोटी स्क्रिप्ट लिहिली: त्या कमिटच्या डॉकरफाइलप्रमाणे, म्हणजे त्या वेळच्या पायथन आवृत्तीसह, सर्व्हरचे हिशोबाचे फंक्शन चालवायचे, २१.५५ आणि १,८३० द्यायचे, ३९,४३७ आले तर शून्य, नाही आले तर एक, आणि कमिट उभाच राहत नसेल तर १२५ परत द्यायचे. १२५ मिळाले की बायसेक्ट तो कमिट वगळून पुढे जाते. बोट ठेवले गेले ते पायथन २.७ वरून ३ वर गेलेल्या कमिटवर. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला आणि कंपनीने त्यानंतर घाईने हे स्थलांतर उरकले होते. पायथन २ मध्ये राउंड अर्ध्याला शून्यापासून दूर नेत असे. पायथन ३ ने २००८ मध्येच तो नियम बदलला. आपोआप रूपांतर करणारे टू-टू-थ्री हे साधन राउंडला हात लावत नाही, कारण नाव तेच, वाक्यरचना तीच, फक्त अर्थ बदललेला.

तो कमिट शेकडो फाइलींचा होता, त्यामुळे बायसेक्टने बोट ठेवूनही नेमकी ओळ शोधायला आणखी अर्धा दिवस गेला. आणि टेस्ट, म्हणजे कोड तपासणारे कोड? त्या होत्या, सगळ्या पासही झाल्या होत्या. पण अपेक्षित उत्तर टेस्टमध्ये आकड्याने लिहिलेले नव्हते. तिथेही ‘राउंड, वजन गुणिले भाव’ असेच लिहिलेले होते. कोडबरोबर टेस्टचे उत्तरही बदलले आणि दोघांचे एकमत झाले. या संपूर्ण प्रकरणात माझ्या मते सर्वांत महागात पडलेली ओळ हीच.

नियम काय, हे कोणाला विचारायचे

आता तांत्रिक दुरुस्ती सोपी वाटत होती: सगळीकडे अर्धा वर. टीमने तसे करण्याआधी तीन पेढ्यांवर जाऊन जुन्या, हाताने लिहिलेल्या पट्टी-पुस्तकांच्या कार्बन प्रती पाहिल्या. हा निर्णय चांगला ठरला.

एका पेढीवरच्या वयस्क मुनिमांना सपोर्टच्या मुलीने विचारले, “काका, पन्नास पैसे आले तर काय करता?”

“वर. शेतकऱ्याची रक्कम आहे ना, वरच जाणार.”

“आणि हमालीत आले तर?”

“तीपण वर. हमालाचे पैसे आहेत ते. ओळीओळीला पूर्ण रुपया करायचा, मग वजाबाकी.”

दुसऱ्या पेढीवर उत्तर वेगळे मिळाले. तिथे कपातीच्या ओळी पैशांसह लिहायच्या आणि फक्त शेवटची देय रक्कम रुपयात आणायची, अशी पद्धत होती. दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत, पण उत्तर वेगळे देतात. वरचीच पट्टी घेऊ. हमाली क्विंटलला ५.४० आणि तोलाई १.७० धरली तर हमाली ११६.३७ आणि तोलाई ३६.६३५ येते. ओळीओळीला रुपया केला तर ३९,४३७ वजा ११६ वजा ३७, म्हणजे ३९,२८४. शेवटीच रुपया केला तर ३९,२८३.४९५, म्हणजे ३९,२८३.

याच आकड्यात आणखी एक सापळा आहे. ३९,२८३.४९५ आधी पैशांत बसवला तर ३९,२८३.५० होतो आणि मग रुपयात बसवला तर ३९,२८४. दोनदा राउंड केल्याने रुपया वाढला. डेटाबेसमध्ये ‘दोन दशांश’ असा स्तंभ असला की ही दुहेरी राउंडिंग नकळत होते.

पन्नास पैसे वर नेण्याची सवय देशातल्या हिशोबात रूढ आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७० मध्येही कराची रक्कम अशीच पूर्ण रुपयात आणायला सांगितली आहे: पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे. ताज्या कांद्यावर जीएसटी नाही, त्यामुळे ते कलम या पट्टीला लागू होत नाही, पण मुनीम ज्या वळणाने विचार करतात ते वळण तेच. समसंख्येचा नियम, ज्याला बँकर्स राउंडिंग म्हणतात, मोठ्या बेरजांतला कल घालवायला उत्तम आहे. मात्र एका शेतकऱ्याच्या एका पट्टीवर तो समजावून सांगता येत नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय फक्त सर्व्हरचे राउंड बदलण्याचा होता. एक ओळ, एक तास. तक्रार थांबली असती, पण अहवाल आणि टॅली तसेच राहिले असते, आणि पुढच्या बदलात पुन्हा हेच.

दुसरा: ॲपने छापलेली रक्कम सर्व्हरने जशीच्या तशी मान्य करायची. याला टीममध्ये बराच पाठिंबा होता. शेतकऱ्याच्या हातातला कागद खरा, हा त्यामागचा विचार योग्यही आहे. अडचण ही की ॲपमध्ये दोष असला किंवा कोणी नोंदीत फेरफार केला तर ते पकडणारे कोणी उरत नाही. शेवटी या पर्यायाचा अर्धा भाग घेतला गेला, तो पुढे येतो.

तिसरा: हिशोब फक्त सर्व्हरवर. नेटवर्कमुळे हा चर्चेतच बाद झाला. पट्टीसाठी ट्रॅक्टर अडकून राहिला तर खळ्यावर रांग लागते.

चौथा: हिशोबाचा गाभा रस्ट या भाषेत लिहून तोच ॲप आणि सर्व्हर दोन्हीकडे वापरायचा. तत्त्वतः सर्वांत स्वच्छ. पण टीममध्ये रस्ट येणारा एकच जण होता आणि तो सोडून गेला तर गाभ्याला हात लावणारे कोणी राहिले नसते. वीस ओळींच्या गणितासाठी एवढे ओझे घेऊ नये, असे ठरले. मला हा निर्णय योग्य वाटतो.

पाचवा आणि निवडलेला: गणित दोन्ही भाषांत लिहायचे, पण पूर्णांकांत, आणि दोघांनाही एकाच आकड्यांच्या फाइलवर तपासायचे. अहवाल आणि टॅली यांनी गणित करायचेच नाही, साठवलेले आकडे वाचायचे.

काय केले

आधी एकक ठरवले. पहिल्या मसुद्यात वजन किलोत आणि दर पैशांत, दोन्ही पूर्णांक. किलो गुणिले पैसे या गुणाकाराला मध्ये कुठेही भाग द्यायचा नाही. रुपयात आणताना एकदाच पाच हजार मिळवून दहा हजारांनी भागायचे आणि पूर्णांक भाग घ्यायचा. २,१५५ गुणिले १,८३,००० म्हणजे ३९,४३,६५,०००. पाच हजार मिळवून भागले की ३९,४३७. मध्ये राउंड करण्याची जागाच उरत नाही, म्हणून दुहेरी राउंडिंगही होत नाही.

ऋण रकमेने, म्हणजे परत आलेल्या मालाच्या नोंदीने, लगेच त्रास दिला. पायथनचा पूर्णांक भागाकार खाली जातो: उणे सात भागिले दोन म्हणजे उणे चार. जावास्क्रिप्टमध्ये ट्रंक, म्हणजे अपूर्णांक तोडून टाकणे, वापरले तर तेच उणे तीन. आणि तिथले मॅथ-राउंड उणे अडीचचे उणे दोन करते. म्हणून चिन्ह आधी बाजूला काढायचे, धन आकड्यावर हिशोब करायचा आणि चिन्ह शेवटी लावायचे, असा नियम दोन्हीकडे लिहिला.

मग सामायिक फाइल. एका जेसन (साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये शंभरेक पट्ट्या: वजन, भाव, कपातीचे दर, पद्धत, आणि अपेक्षित आकडा आकड्यातच. निम्म्याहून जास्त पट्ट्या मुनिमांच्या हस्तलिखित पुस्तकांतून घेतल्या, उरलेल्या मुद्दाम कड्यावरच्या: बरोबर पन्नास पैसे, एकोणपन्नास, शून्य कपात, ऋण वजन. ॲपच्या जेस्ट टेस्ट आणि सर्व्हरच्या पायटेस्ट टेस्ट दोन्ही हीच फाइल वाचतात. फाइल सर्व्हरच्या रिपॉझिटरीत राहते. ॲपमध्ये तिची प्रत असते आणि दोन्हींचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठसा, जुळला नाही तर बिल्ड (ॲप बांधणे) थांबते. फाइलमधली कोणतीही ओळ बदलायची तर पुल रिक्वेस्टला, म्हणजे बदलाच्या प्रस्तावाला, त्या पट्टीचा फोटो जोडायचा. नियम व्यापाराचा आहे, म्हणून त्याचा पुरावाही व्यापारातूनच यायला हवा.

याखेरीज सर्व्हरवर हायपोथेसिस हे साधन लावले. ते हजारो वजन-भाव स्वतः तयार करते आणि पूर्णांकी फंक्शनचे उत्तर पायथनच्या फ्रॅक्शनने, म्हणजे नेमक्या अपूर्णांकांनी, काढलेल्या उत्तराशी ताडते.

पद्धतीचा प्रश्न पेढीपरत्वे सेटिंगने सोडवला: ‘ओळीओळीला’ किंवा ‘शेवटी’. तिसरा पर्याय ठेवला नाही. प्रत्येक नियमाला आवृत्ती दिली आणि लागू तारीख पट्टी बनल्याच्या वेळेवर ठरवली, नोंद सर्व्हरवर पोहोचल्याच्या वेळेवर नाही. सकाळी छापलेली पट्टी नेट आल्यावर दुपारी पोहोचते आणि मध्ये नियम बदललेला असू शकतो. ॲप आता वजन-भावाबरोबर छापलेल्या सगळ्या ओळी आणि नियमाची आवृत्तीही पाठवते. सर्व्हर स्वतः हिशोब करून ताळा पाहतो. जुळला नाही तर रक्कम बदलत नाही, नोंद ‘तपासणीसाठी’ म्हणून अडवून ठेवतो आणि पेढीला कळवतो. हाच तो दुसऱ्या पर्यायाचा अर्धा भाग. जुनी पट्टी पुन्हा छापताना हिशोब पुन्हा होत नाही. साठवलेल्या ओळीच छापल्या जातात.

चालू करण्याआधी नवे फंक्शन जुन्याच्या शेजारी दोन आठवडे मूकपणे चालवले. बँकेला जुना आकडा, लॉगमध्ये दोन्हींतला फरक. पन्नास पैशांचे फरक अपेक्षित होतेच. अनपेक्षित निघाले ते एका पेढीचे लसणाचे व्यवहार. लसूण गोणीने, छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलला जातो आणि तिथे वजन शंभर ग्रॅमच्या टप्प्याने येते. ‘वजन नेहमी पूर्ण किलोत’ हे गृहीतक कोसळले. एकक ग्रॅमवर नेले, भाजक दहा हजारांऐवजी एक कोटी झाला. गुणाकार तरीही जावास्क्रिप्टच्या सुरक्षित पूर्णांकाच्या, म्हणजे २ चा ५३ वा घात वजा १ च्या, खूप आत राहतो. डेटाबेसमध्ये मात्र साधा इंटिजर पुरत नाही, बिगइंट हा मोठा पूर्णांक प्रकार लागतो.

नवे फंक्शन फीचर फ्लॅगमागे, म्हणजे पेढीनिहाय चालू-बंद करता येणाऱ्या कळीमागे, ठेवले होते. लिलावाला सुट्टी असलेल्या एका रविवारी सर्वांत लहान पेढीसाठी फ्लॅग उघडला, आठवडाभर रोज संध्याकाळी पट्ट्या आणि पेमेंट फाइल यांचा ताळा केला, मग बाकीच्या पेढ्या घेतल्या. उन्हाळ कांद्याची आवक वाढण्याआधी सगळे उरकायचे, एवढी एकच तारखेची अट होती.

निष्पत्ती

पट्टी, बँक आणि टॅली यांचे आकडे आता जुळतात. टॅलीत ‘राउंड ऑफ’च्या नोंदी बंद झाल्या, कारण एक्सएमएल फाइल साठवलेल्या पूर्ण रुपयांतूनच बनते.

जुन्या ॲपचा प्रश्न काही आठवडे रेंगाळला. खळ्यावरचे फोन महिनोन् महिने अपडेट होत नाहीत. जुनी ॲप छापील ओळी पाठवत नसल्याने सर्व्हरने त्या आवृत्तीसाठी जावास्क्रिप्टचाच नियम लावायचा, असा तात्पुरता रस्ता ठेवावा लागला, आणि सपोर्टने एकेका मुनिमाला फोन करून अपडेट करवून घेतले.

मागे झालेल्या फरकांचे काय, हा सर्वांत कठीण प्रश्न होता. आधीच्या काळात छापील रक्कम सर्व्हरवर साठवलीच नव्हती. ती पुन्हा मिळवायची तर त्या दिवशी त्या फोनवर असलेल्या ॲपचे हिशोबाचे कोड नोडवर, म्हणजे फोनबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनावर, चालवावे लागणार होते. ज्या आवृत्त्यांना गिटमध्ये टॅग, म्हणजे आवृत्तीची खूण, होता त्यांच्यासाठी हे जमले. टॅग नसलेल्या आवृत्त्यांसाठी प्ले स्टोअरवर चढवल्याची तारीख आणि कमिटची तारीख जुळवून अंदाज बांधावा लागला, आणि तसे यादीत स्पष्ट लिहून पेढ्यांना दिले. एका पेढीने शेतकऱ्यांच्या पुढच्या पट्टीत ‘मागील बाकी’ अशी ओळ घालून रुपया-दोन रुपये दिले. बाकीच्यांनी यादी घेतली आणि विचारेल त्याला द्यायचे ठरवले. कंपनीने याबाबत आग्रह धरायला हवा होता, असे मला वाटते. रक्कम लहान होती, तरी ती शेतकऱ्याची होती.

वेगळे काय करता आले असते

पायथनच्या स्थलांतराआधी एक दिवस खर्च करून मागच्या हंगामातल्या काही हजार साठवलेल्या रकमा आकड्यांसह फाइलमध्ये काढून ठेवल्या असत्या आणि नव्या कोडने त्याच नोंदी चालवून फाइली डिफ करून त्यांतले फरक पाहिले असते, तर दोष त्या दिवशीच दिसला असता. कोडला टेस्ट नसतानाही हे करता येते. भाषेची, डेटाबेसची किंवा लायब्ररीची मोठी आवृत्ती बदलताना ज्या फंक्शनमधून पैसा जातो त्याचे तरी आधीचे-नंतरचे उत्तर असे समोरासमोर ठेवावे. स्थलांतराचे कमिटही वाक्यरचनेचे वेगळे आणि वागणुकीचे वेगळे असे तोडले असते तर बायसेक्टने थेट ओळ दाखवली असती.

पहिले तिकीट बंद करण्याआधी सपोर्टने वजन, भाव आणि दोन्ही आकडे लिहून घेतले असते, तर डेसिमलवर गेलेले दोन दिवस वाचले असते. आता सपोर्टच्या फॉर्ममध्ये रकमेच्या तक्रारीसाठी हे चार रकाने भरल्याशिवाय तिकीट पुढे जात नाही.

टॅलीने नाकारलेल्या व्हाउचरची माहिती कंपनीकडे कधी येतच नव्हती. फाइल बनवणाऱ्या कोडमध्येच नावे आणि जमा यांची बेरीज तपासून, न जुळल्यास फाइल न देता चूक दाखवायला हवी होती. ती तपासणी या दुरुस्तीत घातली गेली, पण तिला वेगळ्या कामाचा दर्जा देऊन सर्वांत आधी चढवायला हवे होते. मुनिमांची रुपया टाकण्याची पाळी तेव्हाच थांबली असती आणि मागच्या महिन्यांतला फरक मोजायला स्वच्छ नोंद मिळाली असती.

सेटिंगबद्दल मतभेद अजून आहेत. दोन पद्धती ठेवल्याने प्रत्येक टेस्ट दोनदा लिहावी लागते आणि नवी पेढी जोडताना कोणती पद्धत, हे विचारायला कोणीतरी विसरतेच. सध्या त्यावर उपाय म्हणून नवी पेढी सुरू करताना तिच्या जुन्या पुस्तकातल्या दहा पट्ट्या मागवतात, दोन्ही पद्धतींनी चालवतात आणि जिच्याशी दहाही जुळतात ती निवडतात. दोन्हींशी जुळल्या नाहीत तर पेढी सुरू करत नाहीत. गेल्या हंगामात अशी एक पेढी आली. तिच्या पट्टीत तोलाई क्विंटलवर नसून प्रत्येक गाडीला ठरावीक होती, आणि ते कळले ते या दहा पट्ट्यांमुळेच.